पुस्तक छापायला गेलंय

कादंबरी लिहीत होते तोवर कुणाचा काही त्रास नव्हता. लिहीत बसलेल्या बाईकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. ती वाण्याचा हिशेब करत असेल, नाहीतर भिशीची यादी, असं धरून चालतात. लिहून झाली, पुण्याच्या एका प्रकाशकांनी ‘काढू या’ असं कळवलं आणि ही बातमी ह्यांनी कारखान्याच्या बसमध्ये फोडली. तेव्हापासून अख्खं कडकोळ माझ्या पुस्तकाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं आहे. दूध आणायला गेलं की बूथवरचा पोरगा विचारतो, “पुस्तक बंता?” आलं का पुस्तक, एवढंच. इस्त्रीवालाही तेच विचारतो. घरमालकीण अज्जी तर आता शब्दही खर्च करत नाहीत, नुसत्या भुवया वर करतात. यांतल्या एकालाही मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांची उत्सुकता मला अगदी निर्मळ वाटते. ‘विषय काय?’ असं अजून एकानेही विचारलेलं नाही. पुण्याहून येणारा प्रत्येक फोन मात्र त्याच प्रश्नाने सुरू होतो.

कडकोळ नकाशात शोधायचं तर म्हैसूरहून नंजनगूडचा रस्ता धरायचा. विमानतळ मागे पडला की थोड्या वेळात कारखाने लागतात, मालाचे कंटेनर दिसायला लागतात आणि एक लहानसं रेल्वे स्टेशन येतं. पॅसेंजर थांबते, बाकीच्या गाड्या शिट्टी देऊन पुढे जातात. ह्यांची बदली झाली तेव्हा मिरजेची माणसं म्हणाली, “अगं, तिथं मराठी बोलायला तरी कोण मिळणार?” कुणी मिळालं नाही. कादंबरी लिहून होण्यामागचं खरं कारण तेच आहे, पण ते ‘मनोगता’त घालता येत नाही.

गाव साधं असलं तरी रूळ साधे नाहीत. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ उमा कुलकर्णींमुळे आपल्या घराघरांत पोचली. तिच्यातलं श्रोत्रींचं घर नंजनगूडचं, कपिला नदीच्या काठचं. तरुण विधवा सून कात्यायनी शिकायला म्हैसूरला जाते, ती याच रुळांवरून. म्हणजे मराठी वाचकांनी जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, ती कात्यायनी रोज कडकोळवरून गेली. इथे उतरली नाही, हा भाग वेगळा. हे कळल्यापासून मी त्या पॅसेंजरकडे जरा आदराने बघते. त्यात आणखी भर म्हणजे, याच जिल्ह्यात कुवेंपूंचं घर, भैरप्पांचा अनेक वर्षांचा मुक्काम आणि यादवगिरीतला आर. के. नारायण यांचा बंगला, ज्याचं २०१६ साली संग्रहालय झालं. अशा ठिकाणी ‘मीही कादंबरी लिहिली आहे’ हे सांगायचं म्हणजे आवाज आपोआप खाली येतो.

संग्रहालय बघायला गेले तेव्हा माझी प्रुफं यायची होती, त्यामुळे माझी नजर तिथल्या चष्म्यावर आणि कोटांवर ठरलीच नाही. मला एकच गोष्ट हवी होती. पहिलं पुस्तक यायच्या आधी या माणसाने केलं काय? काही तयारी केली होती का? घरी येऊन नारायण यांचं आत्मचरित्र पुन्हा काढलं. उत्तर मिळालं ते असं, की काही नाही.

गोष्ट सुरू होते १९३०च्या सप्टेंबरात. आजीने चांगला दिवस काढून दिला, नातवाने एक वही विकत आणली आणि पेन चावत बसला असताना त्याच्यासमोर मालगुडी नावाचं न पाहिलेलं स्टेशन उभं राहिलं. वही भरली. मग ती टंकलिखित होऊन विलायतेला गेली आणि एकेका प्रकाशकाच्या दारातून परत फिरू लागली. त्या काळात लेखणीवर पहिल्या वर्षी त्यांची कमाई झाली नऊ रुपये बारा आणे. शेवटी ऑक्सफर्डला शिकणाऱ्या पूर्णा नावाच्या मित्राला त्यांनी कळवलं, की आता हस्तलिखिताला दगड बांध आणि थेम्समध्ये सोडून दे. मित्र आज्ञाधारक नव्हता, म्हणून मालगुडी वाचलं. त्याने बाड ग्रॅहम ग्रीनला दाखवलं, ग्रीनने ते हॅमिश हॅमिल्टनकडे दिलं, आणि कादंबरी स्वीकारली असून जबाबदार ग्रॅहम ग्रीन, अशी तार म्हैसूरला आली. तार करणाऱ्याने शब्दामागे पैसे मोजले होते, त्यामुळे ‘अभिनंदन’ वगैरे काही नाही. ‘जबाबदार’ हा शब्द मला फार आवडला. माझ्या कादंबरीला जबाबदार कोण, असा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढे जे व्हायचं ते लंडनला झालं. नारायण यांनी पुस्तकाला नाव दिलं होतं ‘स्वामी, द टेट’, त्याचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ झालं. लेखकाचं नाव होतं राशिपुरम कृष्णस्वामी नारायणस्वामी, त्याचं आर. के. नारायण झालं. तिकडच्या गिऱ्हाइकाला पेलेल एवढंच नाव ठेवलं. १९३५च्या ऑक्टोबरात पुस्तक निघालं. परीक्षणं बरी आली, खप झाला नाही आणि त्या प्रकाशकाने पुढची कादंबरी घेतली नाही. ज्याने हे सगळं जुळवून आणलं त्या ग्रीनची आणि नारायण यांची प्रत्यक्ष भेट व्हायला १९५६ साल उजाडलं. एकवीस वर्षं! मला मुखपृष्ठाच्या चित्रकाराने एक दिवस फोन उचलला नाही तर रात्री झोप येत नाही.

जाता जाता, त्याच १९३५ साली ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झालं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं होतं. एका वर्षात दोन पोरं, एक श्याम आणि एक स्वामी. एकाने मराठी घरांना नव्वद वर्षं रडवलं, दुसऱ्याने भूगोलात नसलेलं गाव देशभर ओळखीचं केलं. यांच्या लेखकांनी प्रकाशनाच्या तयारीसाठी काय केलं असेल? एक तुरुंगातून सुटून पुन्हा चळवळीच्या धकाधकीत, आणि दुसरा म्हैसूरच्या रस्त्यांवरून तासन् तास पायी फिरत होता. नेमाड्यांनीही ‘कोसला’ सांगवीच्या घरी पंधरवड्यात हातावेगळी केली आणि १९६३ साली, वयाच्या पंचविशीत, ती रा. ज. देशमुखांनी काढली. बाबा पदमनजींचं तर मला नवलच वाटतं. मूळचे बेळगावचे. १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ काढलं ते मराठीतली पहिली कादंबरी म्हणून. त्यांच्याआधी कुणी नव्हतंच, त्यामुळे ‘सध्या कादंबरीला मार्केट नाही हो’ असं त्यांना सांगणाराही कुणी नव्हता. मराठी कादंबरीकाराच्या वाट्याला आलेलं हे सुख पहिलं आणि शेवटचं.

आता माझी तयारी सांगते.

मी लिहिलं संगणकावर, युनिकोडमध्ये. पुण्याच्या अक्षरजुळणीवाल्यांचं सगळं काम जुन्या पद्धतीच्या फाँटवर चालतं. या दोहोंमध्ये एक अदृश्य नदी आहे आणि ती ओलांडताना मराठीची रफारं वाहून जातात. माझ्या नायिकेचं नाव ऊर्मिला. पहिली प्रुफं आली तेव्हा ती ‘ऊमिर्ला’ झाली होती. दर पानावर ऊमिर्ला उठत होती, ऊमिर्ला चहा टाकत होती, ऊमिर्ला खिडकीशी उभी होती. शेजारी ‘धमर्’ होता, ‘सूयर्’ होता आणि पहिल्या वेलांट्या आपापली अक्षरं सोडून आधीच्या शब्दाच्या शेपटीला लटकल्या होत्या. फोन केला तर पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, होतं असं. फाइंड-रिप्लेस मारतो.” त्याने ते मारलं आणि ऊर्मिला दुरुस्त झाली. तिच्याबरोबर ‘अमिर’ नावाचा घोडागाडीवालाही दुरुस्त होऊन ‘अर्मि’ झाला.

मग प्रुफं गेली मुद्रितशोधकांकडे. मराठीच्या शुद्धलेखनाचे नियम अठरा, १९६२ साली चौदा झाले आणि १९७२ला चार वाढले. आमच्या मुद्रितशोधकांच्या पोटात बहुधा आणखी काही असावेत. त्यांचा अभ्यास मोठा आहे, माझ्या इकार-उकारांवर त्यांनी उपकारच केले. पण कादंबरीतली माणसं मिरजेची. आमच्याकडे कामवाली मावशी पोराला विचारते, “काय करायलास रे?” प्रुफात ती विचारू लागली, “काय करीत आहेस रे?” ती भांडी घासता घासता आकाशवाणीवरून बातम्या देते आहे असं वाटायला लागलं. मी फोनवर म्हटलं, “सर, ती बोली आहे.” ते म्हणाले, “ताई, मग तिला अवतरणात टाकू.” बाई आधीच अवतरणात होती. शेवटी तोडगा निघाला. मावशी तिच्यासारखी बोलणार, पण मावशीच्या तोंडी अनुस्वार जातील ते नियमाप्रमाणे.

दुसरं वाचन घरी झालं. आमचे हे कारखान्याच्या गुणवत्ता विभागात. आयुष्यभर सुटे भाग मोजमापाला लावून बघितलेला माणूस, त्याच्या हातात कादंबरी पडली. तांबडं पेन, पट्टी आणि एक छापील तक्ता घेऊन ते बसले. तक्त्यात रकाने होते: पान, दोष, तीव्रता, सुधारणा. पान ६२, मामीचे डोळे घारे. पान १४०, मामीचे डोळे काळेभोर. ‘कोणता भाग बरोबर?’ मी सांगितलं, मामी रागावली की तिचे डोळे काळे दिसतात. त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘लेखिकेचे स्पष्टीकरण असमाधानकारक, तीव्रता मध्यम.’ पान ८८ ते ९१, तीन वेळा चहा. “अहो, दुःखात आहे ती.” “अगं, असू दे की दुःखात. पण दुपारपासून संध्याकाळपर्यंत घरात दूध किती होतं?” दूध दोन पिशव्या वाढवून दिलं तेव्हा प्रकरण मिटलं. पण प्रेमाच्या प्रकरणात त्यांनी एकही खूण केली नाही. का, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आला कागदाचा हिशेब. कादंबरी किती मोठी असावी याबद्दल समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं आहे, पण खरा निर्णय छापखान्यात होतो. सोळा पानांचा एक फॉर्म. माझं पुस्तक सगळं धरून भरलं २११ पानं. तेरा फॉर्म म्हणजे २०८. वरची तीन पानं म्हणजे एक तर जवळजवळ कोरा असा चौदावा फॉर्म, नाहीतर तीन पानांची कपात. प्रकाशक म्हणाले, “बघा, कुठे आवळता येतंय का.” काका गेले. म्हणजे ते कादंबरीत मरणारच होते, पण मी त्यांना चार पानं अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. खोकला, खिडकीतला चाफा, जुन्या आठवणी, मुलाच्या पत्राची वाट, सगळं होतं. आता ते एका पानात, जेवणाआधी जातात. लिहिताना मी त्या चार पानांवर रडले होते आणि तरीही सांगते, एका पानातले काका जास्त लक्षात राहतात. पुढेमागे कुणी समीक्षकाने ‘मृत्यूचं संयत चित्रण’ असं लिहिलं तर त्याचं श्रेय कागदाच्या भावाला द्यावं.

नावाचीही छाटणी झाली. माझं लिहितं नाव मराठी रिवाजाप्रमाणे तीनपदरी: माझं, ह्यांचं आणि आडनाव. ते पुस्तकाच्या कण्यावर मावेना. नारायणांचं ग्रीनने जे केलं तेच पुण्यात माझं झालं, मधलं नाव गाळलं. मला काही वाटलं नाही. मात्र ह्यांना ते बरंच लागलं. “तक्ता मी केला, मामीचे डोळे मी पकडले, आणि कण्यावरून गेलो तो मीच.” मी त्यांना विभावरी शिरूरकरांचं सांगितलं. बाळूताई खऱ्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली काढलं तेव्हा नाव, आडनाव सगळंच बदललं होतं. महाराष्ट्रभर गदारोळ, ही विभावरी कोण म्हणून शोधाशोध, आणि त्यापाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही पहिली कादंबरीही त्याच नावाने. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाची याहून शहाणपणाची तयारी मला माहीत नाही. माझ्यावर कुणी गदारोळ करील अशी चिन्हं नाहीत, म्हणून मी खऱ्या नावाने येते आहे.

मुखपृष्ठावर पाठमोरी बाई आहे. मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावरून बाई समोर कधी बघायला लागेल हे मला सांगता येणार नाही. चित्रकार दलालांच्या वेळी त्या बघायच्या, चांगल्या डोळ्यांत डोळे घालून बघायच्या. मलपृष्ठासाठी माझा फोटो हवा होता. म्हैसूर सिल्क नेसून स्टुडिओत गेले. फोटोग्राफरने विचारलं, पासपोर्ट की लग्नाचा? लेखिकेचा, म्हटल्यावर त्याने एक क्षण विचार केला आणि माझा हात उचलून हनुवटीखाली ठेवला. कन्नड असो की मराठी, सरस्वतीच्या लेकरांची मान या देशात आपली आपण उभी राहू शकत नाही, अशी सर्वत्र समजूत दिसते. फोटोखालचा परिचयही माझा मीच लिहायचा होता, तोही दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखा. ‘लेखिकेचे बालपण मिरजेत गेले. त्यांना वाचनाची आवड असून...’ स्वतःला ‘त्यांना’ म्हणताना पहिल्या ओळीला लाज वाटते, तिसऱ्या ओळीपासून माणूस सरावतो आणि पाचव्या ओळीला ‘संवेदनशील’ हा शब्द येतो. मी पाचवी ओळ खोडली. शेवटी उरलं ते ‘संप्रति: कडकोळ (म्हैसूर)’. हे मात्र छान दिसतं. वाचणाऱ्याला वाटावं, काहीतरी संशोधन चाललं असेल.

नातेवाइकांच्या बाबतीत मला आधीच सावध करण्यात आलं होतं. जो तो स्वतःला शोधेल, चिडेल, बोलणं टाकेल. प्रत्यक्षात उलटं झालं. सांगलीच्या आत्याला कुणीतरी सांगितलं, की कादंबरीत शेवया करणारी एक बाई आहे. आत्याचा फोन आला. “ती मीच ना गं?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही, ती वेगळी. पलीकडे शांतता. मग म्हणाली, “वीस-वीस किलो शेवया केल्या मी दर उन्हाळ्यात. तू पाटावर बसून कच्च्या खायचीस. मग त्या गेल्या कुठं?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तेव्हा तीन पानांची कपात व्हायची होती, नाहीतर आत्याला कुठेतरी बसवलं असतं. आता ती दुसऱ्या कादंबरीच्या आशेवर आहे आणि तब्येत सांभाळून आहे.

तारखेचं काय? ती एक स्वतंत्र विद्या आहे. मराठी पुस्तकाच्या जन्माला पंचांगातले अडथळे कमी आणि छापखान्यातले जास्त. एप्रिल-मे शाळेच्या पुस्तकांचे. जून-जुलै पावसाचे, पुठ्ठा वाळत नाही. मग पितृपक्ष, त्यात कुणी प्रकाशन करत नाही. पुढे दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’कारांनी पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पना नसणार, की दरवर्षी दोन महिने महाराष्ट्रातलं एकही यंत्र कादंबरीच्या वाट्याला येणार नाही. दिवाळी झाली की पाहुण्यांच्या तारखा लागतात लग्नसराईच्या. आणि सगळं जुळलं की पुस्तक बायंडरकडे असतं. ‘बायंडरकडे आहे’ या उत्तरापुढे प्रश्न संपतात. मी एकदा विचारलं, “बायंडरकडून कधी येईल?” प्रकाशक इतक्या मायेने हसले, की मला माझं वय कमी झाल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, “तुम्ही पुढचं लिहायला घ्या.” नारायण यांनी तेच केलं होतं. पहिलीचा खप होवो न होवो, १९३७ला ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ दुसऱ्या प्रकाशकाकडून हजर. मी पण वही घेऊन बसते. अर्ध्या तासाने बघते तर वहीत प्रकाशन समारंभाला कोणाकोणाला बोलवायचं त्याची नावं असतात.

समारंभ पुण्यात आहे. इथून जायचं तर शरावती एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा, नाहीतर बंगळूरला जाऊन उद्यान धरायची. प्रमुख पाहुणे मोठे आहेत. त्यांनी कादंबरीचा दोन पानी सारांश मागवला आहे. २०८ पानांची कादंबरी दोन पानांत बसवताना मला पहिल्यांदा कळलं, की गोष्ट तेवढीच होती. मला पाच मिनिटं बोलायचं आहे. ‘दोन शब्द’ असं पत्रिकेत छापलंय. मी लिहिलेलं भाषण ह्यांनी घड्याळ लावून ऐकलं आणि तक्त्यात नोंद केली, ‘ऋणनिर्देश अडीच मिनिटे, कादंबरीविषयी चाळीस सेकंद.’

एवढं सगळं होऊन वाचणार कोण, हा प्रश्न रात्री पडतो. त्यावर मला एक उतारा सापडला आहे, कायद्याचा. १९५४चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या एकेका सार्वजनिक ग्रंथालयाला पाठवायची असते. म्हणजे कुणी घेवो वा न घेवो, माझी ऊर्मिला चार महानगरांत राहायला जाणार, तीही भाडं न देता. चेन्नईच्या कन्नेमारा ग्रंथालयात माझ्या मामीचे डोळे घारे की काळे, हे तपासणारं कुणी भेटेल असं नाही. पण भेटलंच तर पुस्तक तिथे असेल. कडकोळहून बघितलं तर हा फार मोठा दिलासा आहे.

तर आता कामाचं. करारात लेखिकेला दहा प्रती आहेत. त्यांतल्या सहा सांगली-मिरजेतच अडकल्या. एक अज्जींची, त्या ती देवघरात ठेवणार आहेत. एक बूथवरच्या पोराला कबूल केली आहे, त्याला माझी सही बघायची आहे. एक ह्यांची, तक्ता जोडून. उरली एक, ती मला लागेल. म्हणून विनंती, ‘एक प्रत पाठव ना, वाचून सांगतो’ असं कृपा करून कुणी कळवू नये. प्रकाशनपूर्व सवलत चालू आहे, ती संपायच्या आत पैसे भरावेत. आणि वाचून झाल्यावर मामीच्या डोळ्यांविषयी काही शंका राहिली तर ती थेट ह्यांच्याकडे पाठवावी, पान क्रमांकासहित.